आप्पांना शेवट आवडला नाही

डिंडोली, सुरत
१९ जानेवारी २०२५

दिपू,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवलं असशील तर ठेव, पण फाडू नकोस. तू माझा नंबर बंद केलास त्याला येत्या मार्चमध्ये तीन वर्षं होतील. मायच्या फोनवरून मी कधी तुला गाठायला गेले नाही. दिवाळीला तू तिच्याशी बोलतेस तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहते. तुला अवघड वाटू नये म्हणून.

काही मागायला लिहीत नाही. एक पुस्तक वाचलं, ते कुणाला तरी सांगायचं आहे. आपल्या घरात पुस्तकावर बोलणारी दोनच माणसं होती. आप्पा गेले, राहिलीस तू.

हसू आलं असेल. अक्का आणि पुस्तक! दर रविवारी सकाळी तू अकोल्याहून फोन करायचीस आणि तुमचं दोघांचं तासतासभर चालायचं. दोघांनी एकच पुस्तक आणायचं, आठवडाभर वाचायचं आणि रविवारी भांडायचं. मी आत भाकरी थापत ऐकायचे. मध्येच काही बोलले तर आप्पा हसून म्हणायचे, "उज्ज्वलाले काय समजस त्यामां?" नववीतून शाळा सोडून मी लूमवर बॉबिन भरायला लागले, पुढे लग्न झालं, दोन वर्षांत परत आले. समजायचं नाही हे खरंच होतं.

आता उधन्याच्या मराठी वाचनालयात जाते. दोनच खोल्या आहेत. वत्सलाबाई म्हणून निवृत्त शिक्षिका ते सांभाळतात. साड्यांना लेस लावायचं काम दुपारपर्यंत उरकलं की मी तिथे. बाई म्हणाल्या, "काय देऊ? कथा-कादंबरी?" मी म्हटलं, "नको, खरं घडलेलं द्या." त्यांनी तापीवरचं पुस्तक दिलं. मोजणी खात्यातला एक निवृत्त माणूस मुलताईपासून समुद्रापर्यंत नदीच्या काठाकाठाने चालत आला, त्याचं.

मला आधी कंटाळा आला. चाळीस पानं नुसते दगड. पण खानदेशात शिरल्यावर त्याची भाषा मऊ होते. प्रकाशा गावाच्या पुढे एका म्हातारीकडे तो मुक्काम करतो. ती त्याला विचारते, "नदी मोजीसन तुले काय मियनार शे?" त्याला उत्तर देता येत नाही आणि तो तसं लिहितो. तिथे तो मला आवडला. मग उकाईचं धरण येतं, त्यावर तीस पानं. आणि सुरत? सुरतेला सहा पानं! पूल मोजले, हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या लांबून पाहिल्या, आणि संपलं. त्या नदीच्याच वाटेने इतकी माणसं इकडे आली, लूमच्या कारखान्यांत उभी राहून म्हातारी झाली, त्यांतलं एक माणूस त्याला दिसलं नाही. मला फार राग आला. पुस्तकाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं.

अश्विनीकुमारच्या घाटाचं नाव एका ओळीत आहे. ती ओळ मी दोनदा वाचली. तू पोचलीस तेव्हा आप्पांच्या अस्थी आम्ही तिथे सोडून आलो होतो.

तुझी धनश्री आता बोलत असेल. मायने फोटो दाखवला. कपाळ आप्पांचं आहे.

उज्ज्वला


१६ फेब्रुवारी २०२५

दिपू,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

पण नितीनरावांचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाले, तरी सांगते, कारण लपवायचं आता मला जमत नाही. म्हणाले, "अक्का, पत्र तिने वाचलं. उशीखाली ठेवलंय. लिहीत राहा." मी विचारलं, तुम्ही कसे आहात? म्हणाले, "आहे. दिपाली माझ्याशी कामापुरतं बोलते. धनश्रीचं दूध, लाइटचं बिल, गॅस सिलिंडर. तीन वर्षं झाली."

मला वाटायचं, तू फक्त माझ्याशी बोलत नाहीस.

या महिन्यात बाईंनी एका परिचारिकेने लिहिलेलं पुस्तक दिलं. पस्तीस वर्षं तिने दवाखान्यात शेवटाला लागलेल्या माणसांची सेवा केली. भाषा साधी आहे, कुठे रडारड नाही. एका ठिकाणी ती लिहिते की जाणाऱ्या माणसाला काय झालंय हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे त्याच्यासमोर नाटक करतात. ते नाटक सांभाळायचं काम शेवटी त्या माणसालाच करावं लागतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की माय म्हणाली, "काय झाये तुले? चिक्कट व्हई गयं ते."

पुढच्या पानांवर ती म्हणते की माणसं कुणाची तरी वाट बघत थांबतात. डॉक्टरांनी आशा सोडली तरी थांबतात, आणि ते माणूस आलं की जातात. अशा सात-आठ हकिकती दिल्या आहेत. मुलगा दुबईहून आला, बहीण गावाहून आली. सगळ्या हकिकतींत माणूस पोचतं. जे पोचलं नाही त्याची एकही हकिकत नाही. बाईंना मी तसं म्हटलं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तशीही पाहिली असतील तिने. लिहवलं नसेल."

आप्पा गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलीस, आठ महिन्यांच्या वर पोट, सुजलेले पाय. दारातच म्हणालीस, "एक फोन करता आला नाही तुला?" आणि मी जे उत्तर दिलं ते तू आजवर खरं धरून आहेस. मला हे आज लिहायचं होतं. जमत नाही. पुस्तक परत करून येते.

उज्ज्वला


९ मार्च २०२५

दिपू,

ही कादंबरी आहे. खरं घडलेलं नको, गोष्टच द्या, असं मीच बाईंना सांगितलं. माझी सुटका होईल असं वाटलं होतं.

तालुक्याच्या गावात टेलिफोनच्या कचेरीत एक बाई काम करते. सगळ्यांचे ट्रंक कॉल ती जोडते. तिच्या मैत्रिणीच्या लग्नाच्या सकाळी मुंबईहून कॉल येतो की मैत्रिणीचा भाऊ गेला. ती कॉल जोडत नाही. लग्न लागतं, पंगती उठतात, मग ती जोडते. पुढची दोनशे पानं त्या एका सकाळचा हिशोब आहे.

मला कादंबरी आवडली असं म्हणू की नाही कळत नाही. ती बाई कशी विचार करते ते लेखकाने अगदी बरोबर लिहिलं आहे. ती स्वतःला म्हणते, मी तिच्या भल्यासाठी केलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणते. दहा वर्षांनीही. पण शेवटी मैत्रीण येते, तिच्या गळ्यात पडते आणि म्हणते, तू केलंस ते बरोबर केलंस. इथे लेखकाने खोटं लिहिलं. ज्या बाईला एवढं ओळखलं, तिला असं स्वस्तात सोडायचं नव्हतं. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंसुद्धा नाही. मैत्रिणीला ते आपोआप कळतं!

मी सांगते.

त्या दिवशी दारात मी तुला म्हणाले, "मी करणार होते फोन. नितीनरावांनी नको सांगितलं." ते खोटं होतं, दिपू. आप्पांना दवाखान्यात ठेवलं त्याच्या चौथ्या दिवशी मी नितीनरावांना फोन केला, हे खरं. पण ते म्हणाले, "अक्का, तिला सांगू या. डॉक्टरांना विचारून मी गाडी करतो, मागच्या सीटवर झोपवून हळूहळू आणतो." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मीच म्हणाले, "नको. एवढं काही नाही, दोन दिवसांत घरी सोडतायत." डॉक्टरांनी त्याच सकाळी मला सांगितलं होतं की आता घरी जाणं नाही.

तुझी आधीची दोन्ही गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. हलायचं नाही असं तुझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे कारण खरं आहे. पण ते माझं एकमेव कारण नव्हतं, आणि ते नितीनरावांचं तर नव्हतंच. दारात ते तुझ्या मागे बॅग घेऊन उभे होते. मी त्यांचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. परवा फोनवर मी विचारलं, का नाही बोललात? म्हणाले, "तुमच्या घरात तेरावा व्हायचा होता. आणि तुमच्यावर विश्वास ठेवून मीही तिच्यापासून आजारपण लपवलंच होतं ना."

त्यांच्यावर रागावू नकोस. हे पत्र त्यांनाही दाखव. नाही दाखवलंस तर मी दुसरी प्रत त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवेन.

उज्ज्वला


२३ मार्च २०२५

दिपू,

आज आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी मायने घास टाकला. आता ती झोपली आहे आणि मी उरलेलं लिहून टाकते.

मागच्या पत्रात म्हटलं की दुसरंही कारण होतं. ते असं. दवाखान्यात मी आठ दिवस आप्पांजवळ एकटी होते. त्यांना धाप लागायची, डोळ्यांपुढे पुस्तक धरवत नव्हतं. तुमची ती बँडवाल्याची कादंबरी निम्मी राहिली होती. ते म्हणाले, "वाचीसन दाखाड." मी वाचलं. अडखळत, चुकत. मोठे शब्द आले की ते डोळे मिटूनच दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवसापासून मला पुढे काय होतं याची ओढ लागली. नर्स सुई टोचायला आली तर मला राग यायचा, एवढी मी गुंतले. चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत आप्पा आणि मी मिळून असं काही केलं नव्हतं. तू आली असतीस तर पुस्तक तुझ्या हातात गेलं असतं. मी पुन्हा चहा आणायला गेले असते. म्हणून मी तुला बोलावलं नाही. पोटातल्या बाळाची काळजी होती, पण हे त्या काळजीच्या आधीपासून होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी विचारलं, "दिपू निंघनी का?"

मी म्हणाले, "निंघनी, आप्पा. गाडीमां बठेल शे."

मग ते मनाने तुझ्यासोबत गाडीतून निघाले. तुला ठाऊक आहे, हा रस्ता त्यांना पाठ होता. चाळीस वर्षं त्याच रुळावरून गावाला गेले-आले. नऊ वाजता विचारलं, "आते कोठे ऊनी व्हई?" मी म्हणाले भुसावळ. पावणेअकराला अमळनेर. दोंडाईचा, नंदुरबार. मी भिंतीवरचं घड्याळ बघत एकेक स्टेशन सांगत गेले. नवापूरला त्यांनी विचारलं, "खिडकीजोगे बठेल शे का?" मी हो म्हणाले. अडीच वाजता मी व्यारा म्हटलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती गाडी व्याराले थांबस का?" मी म्हणाले, थांबते. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला कुणी सांगू शकणार नाही. मी आपण होऊनच म्हणाले, "आप्पा, बारडोली ऊनी." सव्वातीन झाले होते. साडेतीनला ते गेले.

एक निरोप राहिला आहे. तो सांगितला असता तर ते शुद्धीत होते, बोलत होते, तुझी वाट बघत होते, हे सगळं तुला कळलं असतं. म्हणून तीन वर्षं मी तो दाबून ठेवला.

कादंबरी आम्ही आदल्या दुपारी संपवली होती. शेवट तुला माहीत आहे. लग्नावरून तोडलेली मुलगी कितीतरी वर्षांनी दारात येते, आणि म्हातारा बँडवाला तिच्याशी न बोलता क्लॅरिनेट काढून वाजवत बसतो. ती ऐकते आणि निघून जाते. शेवटच्या सकाळी आप्पा म्हणाले, "दिपूले सांग, माले शेवट नही आवडना. वाजाडीसन काय व्हस? पोर दारमां उभी शे. तोंडघाई बोलाले पायजे व्हतं."

हा तुझा निरोप: तोंडाने बोलायला हवं होतं. शब्द त्यांचेच आहेत, मी बदल केलेला नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "तुले कसा वाटना?"

मला, दिपू. पुस्तकाबद्दल. मी म्हणाले, माले आवडना. ते म्हणाले, "का बरं?" मला कारण सांगता आलं नाही. ते थांबले होते ऐकायला.

उज्ज्वला


७ एप्रिल २०२५

दिपू,

काल मायचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "तुनाकरता शे." मी हात पुसत आले. हात पुसून झाले तरी पुसतच होते.

तू नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणालीस, "आप्पा काय म्हणाले ते परत सांग. अहिराणीतच सांग." मी सांगितलं. तू म्हणालीस, परत. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग म्हणालीस, "मला तो शेवट आवडला होता, अक्का. रविवारी मी त्यांच्याशी भांडणार होते. मुद्दे लिहून ठेवले होते." ते मुद्दे काय होते, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ते माझ्यासाठी नव्हते.

पलीकडे धनश्री काहीतरी मागत होती. नितीनराव तिला म्हणाले, "थांब, आई बोलतेय." मग तू फोन बाजूला न करताच त्यांना म्हणालीस, "तुम्ही बसा इथे." एवढंच ऐकलं. त्यातून मी काही धरून चाललेली नाही.

तू मला म्हणालीस, "मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही, माहीत नाही." मी म्हणाले, बरं. खरंच बरं वाटलं. गळ्यात पडली असतीस तर मला त्या टेलिफोनवाल्या कादंबरीसारखं खोटं वाटलं असतं.

आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "त्यांना त्रास झाला का गं?"

मी म्हणाले, "नाही. शांतपणे गेले. झोप लागल्यासारखे."

तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

कालपासून मी लेस लावतेय आणि उसवतेय. तुझा आवाज जरा हलका झाला होता तो मला ऐकू आला होता, म्हणून लिहायला हात उचलत नव्हता. पण तुला काय सोसेल हे पुन्हा एकदा मीच ठरवलं, दिपू. बोलता बोलता, विचारसुद्धा न करता.

त्यांना त्रास झाला. दुपारी बारापासून झाला. श्वास आत घेताना गळ्याखाली खड्डा पडायचा. ऑक्सिजनचा मास्क ते सारखा ओढून काढत होते, दोनदा मला त्यांचे हात धरावे लागले. उजव्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते, आंघोळ घालताना मायने ते पाहिले. पाण्यासाठी जीभ बाहेर यायची आणि पाणी द्यायचं नव्हतं, मी ओला कापूस ओठांवर फिरवत होते. दोन स्टेशनांच्या मध्ये ते कण्हत होते. साधारण तीन वाजता ते "माय वं" म्हणाले, लहान पोरासारखं. शेवटची पाच-सात मिनिटं मात्र खरंच शांत होती. तेवढं मी काल बोलले ते खरं आहे, बाकीचं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, फुफ्फुसांत काही उरलं नाही, यापेक्षा वेगळं होणार नव्हतं. तू असतीस तरी हे असंच झालं असतं. फक्त हात धरायला आपण दोघी असतो.

हे वाचून तू पुन्हा नंबर बंद करशील, कदाचित मायचासुद्धा. पोस्ट चार वाजता बंद होतं. आता तीन वाजलेत, मी चपला घातल्या आहेत.

अक्का